पिकअपचा फ्युएल काटा आणि रेंज चुकीची दाखवतायत? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

टाकी फुल्ल केली की काटा वरच्या रेघेला चिकटून बसतो, शे-दीडशे किलोमीटर झाले तरी हलायचं नाव नाही, आणि अर्ध्याच्या खाली आला की मग धडाधड उतरतो. तिकडे डिस्प्लेवरची रेंज, म्हणजे उरलेल्या तेलात अजून किती किलोमीटर जाल तो आकडा, सकाळी ५४० असते, मागे ट्रेलर जोडून एक चढ चढलात की ३१०. ही तक्रार घेऊन गॅरेजला गेलं की बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं, टाकीतलं युनिट (तेलाची पातळी मोजणारा सेन्सर) गेलंय, बदलून टाका. बदललं जातं, पैसे जातात, आणि रेंज पुन्हा तशीच उड्या मारते, कारण तिचा प्रॉब्लेम टाकीत नव्हताच.

काटा आणि रेंज हे दोन वेगळे विषय आहेत हे आधी डोक्यात बसू द्या. काटा मोजतो, म्हणजे बरावाईट कसाही असेल पण टाकीतल्या तेलाची पातळी खरोखर मोजतो. रेंज काहीच मोजत नाही, ती उरलेल्या तेलाला तुमच्या मागच्या ॲव्हरेजने गुणते आणि आकडा समोर ठेवते, पुढचा रस्ता कसा आहे याची तिला कल्पना नसते. त्यामुळे नक्की चुकतंय कोण हे ठरवल्याशिवाय स्पॅनर हातात घेऊ नका. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने आहे, फुकटात होणारं आधी आणि टाकी उघडायचं शेवटी.

काटा कसा चालतो ते थोडक्यात

टाकीत एक फ्लोट असतो, बाथरूमच्या टाकीत बॉलकॉक असतो तसाच प्रकार. तो एका बारीक तारेच्या दांड्यावर बसवलेला असतो आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दोन-तीन बारीक धातूची बोटं असतात, ती एका काळ्या रेझिस्टन्स पट्टीवर घासत फिरतात. तेल कमी-जास्त झालं की बोटं सरकतात, रेझिस्टन्स बदलतो, गाडीचा कॉम्प्युटर किंवा मीटर तो वाचतो आणि काटा हलवतो. काही नव्या गाड्यांत घासणाऱ्या बोटांऐवजी मॅग्नेटवाला सेन्सर असतो, पण फ्लोट आणि दांडा तिथेही आहेच.

आता यात मेख अशी की फ्लोट मोजतो उंची आणि आपल्याला हवे असतात लिटर. टाकी सरळ चौकोनी डब्यासारखी असती तर काही प्रश्न नव्हता, पण खालून प्रॉपेलर शाफ्ट जातो, बाजूला चॅसिसची रेल असते, मागे ॲक्सल, त्यामुळे टाकीला कुठे खाच कुठे फुगवटा असतो आणि पाव टाकीतले लिटर आणि वरच्या पावातले लिटर सारखे नसतात. कंपनी हे गणित सॉफ्टवेअरमधल्या टेबलने जुळवते, जुन्या गाडीत पट्टीच्या आकाराने जुळवलेलं असतं, पण अगदी तंतोतंत कुठेच नसतं. शिवाय वळणावर आणि ब्रेक मारल्यावर तेल हिंदकळतं तेव्हा काटा नाचू नये म्हणून रीडिंग मुद्दाम संथ केलेलं असतं. म्हणून काटा नेहमी थोडा मागे असतो, आणि हा दोष नाही.

फुल्लला चिकटून राहण्याचं कारणही साधंच आहे. फ्लोट वरच्या टोकाला जाऊन टेकला की त्याच्या वर अजून तेल असू शकतं, फिलर पाइपमध्येही असतं, पंपाची नोझल आपोआप कट झाल्यावर वरून अजून चार लिटर दाबून भरायची सवय असेल तर आणखीच. ते सगळं जळेपर्यंत फ्लोट खाली यायला सुरुवातच करत नाही. (ही दाबून भरायची सवय पेट्रोल गाडीत तर मोडाच, वाफ शोषणाऱ्या चारकोल कॅनिस्टरमध्ये कच्चं पेट्रोल गेलं की वेगळाच खर्च निघतो.) खालच्या टोकालाही तसंच, काटा शून्यावर आला म्हणजे टाकी कोरडी पडली असं नाही, काही लिटर मुद्दाम राखून ठेवलेले असतात.

पिकअपलाच हा त्रास जास्त का

कारण पिकअपची टाकी लांबट आणि चपटी असते, बहुतेक गाड्यांत चॅसिसच्या एका बाजूला केबिन आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये टांगलेली. समजा टाकी १.२ मीटर लांब आहे आणि गाडी ५ अंश चढावर उभी आहे, तर टाकीच्या एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला तेलाच्या पातळीत साधारण १० सेंटिमीटरचा फरक पडतो. फ्लोट अगदी टोकाला असेल तर त्याला खऱ्यापेक्षा ५ सेंटिमीटर कमी किंवा जास्त दिसणार, आणि टाकीची खोली २५ सेंटिमीटर धरली तर काटा एक पंचमांश टाकी इकडेतिकडे! फ्लोट मधोमध असेल तर हाच फरक जवळजवळ शून्य. म्हणून एकाच चढावर एका पिकअपचा काटा पडतो आणि दुसरीचा हलतसुद्धा नाही, त्यात खराब काहीच नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. रिकामी पिकअप मागून उंच उभी असते, लीफ स्प्रिंग लोडसाठी बनवलेले असतात म्हणून. हौद्यात माल भरला की मागचा भाग बसतो आणि गाडी सपाट होते, कधी उलट नाक वर होतं. म्हणजे तेवढंच तेल असताना रिकाम्या गाडीत काटा एक दाखवणार आणि भरलेल्या गाडीत दुसरं. फरक फार मोठा नसतो, पण रिझर्व्हच्या जवळ असताना दिवा लागायचा की विझायचा एवढ्याला तो पुरतो. सस्पेन्शन उंच करून घेतलं असेल, तेही फक्त मागून किंवा फक्त पुढून, तर हा फरक कायमचाच झाला म्हणायचं.

म्हणून काटा वाचायचा तर सपाट जागेवर, गाडी उभी करून, एखादा मिनिट थांबून वाचा. चालत्या गाडीत चढावर बघितलेल्या काट्यावरून काही ठरवू नका.

हेही दोष नाहीत

चावी ऑन ठेवून तेल भरलं की बऱ्याच गाड्यांचा काटा लगेच वर जात नाही, सावकाश चढत बसतो, कारण गाडीला वाटतं की हे नुसतं हिंदकळणं आहे. चावी बंद करून भरा, मग ऑन करा, काटा नीट जागेवर येतो. अगदी चार-पाच लिटरच टाकलं तर काही गाड्या त्याला भरणं म्हणून धरतच नाहीत, काट्यात फरक दिसायला वेळ लागतो. सुरक्षेच्या दृष्टीनेही इंजिन बंद पाहिजेच, ते वेगळं सांगायला नको.

बॅटरी काढून परत लावली असेल तर रेंज काही काळ काहीही दाखवू शकते, शिकलेलं ॲव्हरेज पुसलं जातं आणि गाडी कंपनीच्या ठरावीक आकड्यावरून पुन्हा सुरुवात करते. थोडे दिवस नेहमीसारखी चालवा, येते रुळावर.

उन्हाचाही थोडा वाटा असतो. पेट्रोल एक डिग्रीला साधारण ०.१ टक्का फुगतं, डिझेल त्याहून जरा कमी. ६० लिटर पेट्रोल गार असताना भरलं आणि टाकी २० डिग्रीने तापली तर आकारमान लिटरभराने वाढलेलं असतं. काटा यावरून बदनाम करण्याइतका हा फरक नाही, पण हिशोब एकदम काटेकोर करणाऱ्यांनी लक्षात ठेवावा.

आता खरी तपासणी, फुल्ल ते फुल्ल

याला काही लागत नाही, वही आणि पेन. सपाट जागी असलेल्या पंपावर जा, नोझल पहिल्यांदा कट होईपर्यंत भरा आणि तिथेच थांबा, वरून एक थेंब नाही. ट्रिप मीटर शून्य करा आणि डिस्प्लेवरचं ॲव्हरेजही रीसेट करा. मग निदान ३००-४०० किलोमीटर नेहमीसारखी चालवा. परत त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, गाडी त्याच दिशेने तोंड करून उभी करा आणि पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर, हे तुमचं खरं ॲव्हरेज.

उदाहरण घ्या, ट्रिप ४१२ किलोमीटर आणि भरले ३८.६ लिटर, म्हणजे ॲव्हरेज १०.६७. डिस्प्ले म्हणतो ११.४, म्हणजे जवळपास ७ टक्के जास्त. पण लगेच निष्कर्ष काढू नका, नोझलचं कट होणं एक-दीड लिटरने पुढेमागे होऊ शकतं आणि ३८ लिटरमध्ये दीड लिटर म्हणजेच ४ टक्के झाले. निदान तीन वेळा लागोपाठ करा आणि एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागा, तेव्हा तो आकडा विश्वासाचा. डिस्प्ले थोडा खुशीत दाखवणं कॉमन आहे. तो तिन्ही वेळा तेवढाच जास्त दाखवत असेल तर गाडी दुरुस्त करायची गरजच नाही, मनातल्या मनात तेवढे टक्के वजा करायचे आणि पुढे जायचं.

डिस्प्ले हे ॲव्हरेज काढतो कुठून? टाकीतून नाही. इंजेक्टर किती वेळ उघडला आणि प्रेशर किती होतं यावरून इंजिनचा कॉम्प्युटर तेल किती गेलं याचा हिशोब ठेवतो. त्यामुळे इंजेक्टर गळका असेल तर हिशोब चुकणारच. आणि ज्यांनी डिझेल पिकअपला पॉवर वाढवणारा बाहेरचा ट्युनिंग बॉक्स लावलाय त्यांनी तर डिस्प्लेच्या ॲव्हरेजकडे बघूच नये. यातले बरेच बॉक्स रेल प्रेशर सेन्सरचं (इंजेक्टरला मिळणाऱ्या डिझेलचं प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग खोटं कमी करून कॉम्प्युटरला फसवतात, प्रत्यक्षात तेल जास्त जातं आणि कॉम्प्युटर मात्र कमी गेल्याचं धरून चालतो. मग मालक खूश, पॉवर पण वाढली आणि ॲव्हरेज पण! पंपावरचं बिल मात्र वेगळंच सांगतं.

किलोमीटरच चुकीचे असतील तर?

वरचं सगळं गणित ओडोमीटर बरोबर आहे असं धरून केलंय, आणि पिकअपवाल्यांना मोठे टायर टाकायची भारी हौस. २४५/७० आर १६ चा व्यास निघतो साधारण ७४९ मिलिमीटर, आणि २६५/७० आर १६ चा ७७७. म्हणजे ३.७ टक्के मोठं चाक. गाडी खरोखर ४१५ किलोमीटर गेली तरी ओडोमीटर ४०० म्हणणार, ॲव्हरेज कमी दिसणार आणि रेंजही कमी दिसणार, तेल मात्र तेवढंच असतं. अर्थात मोठा टायर जड असतो आणि हवेतही जास्त येतो म्हणून खरं ॲव्हरेजही थोडं पडतंच, पण सगळी घट त्याच्या माथी मारू नका. उलट बाजूने, टायर ८ मिलिमीटर नक्षीवरून २ मिलिमीटरवर झिजला की व्यास १२ मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे दीड टक्क्याच्या वर, आणि ओडोमीटर जास्त दाखवायला लागतो.

तपासायचं तर फोनवरच्या जीपीएसने, सरळ मोठ्या रस्त्यावर पन्नासेक किलोमीटर तरी. वळणावळणाच्या रस्त्यावर जीपीएस कोपरे कापतो, तिथे नको. आणि स्पीडोमीटर जीपीएसपेक्षा जास्त दाखवतो म्हणून ओडोमीटरही जास्तच दाखवत असेल असं समजू नका, स्पीडोमीटर मुद्दाम थोडा वर ठेवलेला असतो, ओडोमीटरची मोजणी वेगळी असते. टायरचा साइझ बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने सेट करता येतो, तेवढं करून घेतलं तरी अर्धा गोंधळ मिटतो.

रेंजच्या उड्या

टाकीत ३० लिटर आहे आणि मागचं ॲव्हरेज १२ आहे, रेंज ३६०. ट्रेलर लावला, ॲव्हरेज ८ वर आलं, रेंज २४०. एक थेंबही कुठे गळला नाही आणि १२० किलोमीटर गायब झाले! काही गाड्या मागच्या थोड्याच अंतराचं ॲव्हरेज धरतात, त्या फार उड्या मारतात, काही बरंच मागचं धरतात, त्या शांत दिसतात पण ट्रेलर लावल्यावर बराच वेळ जुनाच गोड आकडा दाखवत राहतात, आणि माझ्या मते दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. ट्रेलर सोडल्यावर याच्या उलट होतं, रेंज वाढतच जाते आणि माणसाला वाटतं सेन्सर बिघडला.

वेगाचंही तसंच. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून ११० ला गेलात की तो जवळपास १.९ पट होतो, आणि पिकअपचा आकार हवेच्या दृष्टीने म्हणजे आनंदच. हौद्यात उंच माल असेल, वर कॅरिअर असेल, समोरून वारा असेल तर रेंज किलोमीटरला दोन-दोनने उतरताना दिसेल. एसी लावून उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवलं तर किलोमीटर शून्य आणि तेल चालू, तेव्हाही रेंज उतरणारच. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेली डिझेल गाडी फिल्टर जाळून साफ करत असते तेव्हा जास्तीचं डिझेल टाकते, त्या वेळीही ॲव्हरेज पडतं आणि नंतर आपोआप सावरतं.

यातलं काहीच दुरुस्त करण्यासारखं नाही. मोठ्या प्रवासाला निघताना मात्र डिस्प्लेची रेंज न बघता उरलेले लिटर गुणिले त्या प्रकारच्या लोडचं तुमच्या वहीतलं सगळ्यात वाईट ॲव्हरेज, एवढा हिशोब स्वतः करा. रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज वेगळं लिहा, भरलेल्याचं वेगळं, ट्रेलरचं वेगळं.

काटाच खराब आहे असं वाटत असेल तर

इथे एक साधा स्कॅनर खूप कामाला येतो, ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरची तपासणी करायच्या सॉकेटला) लावून फोनवर बघतात तो. त्यात फ्युएल लेव्हल टक्क्यात दिसते, ज्या ॲपमध्ये कोड टाकावा लागतो तिथे २एफ नंबरचं रीडिंग. सगळ्या गाड्या ते देत नाहीत पण देत असेल तर अर्धं काम झालं. स्कॅनरवर ५२ टक्के आणि काटा पावावर, म्हणजे टाकीतला सेन्सर ठीक आहे आणि दोष मीटरमध्ये, टाकी उघडायची गरज नाही. दोन्हीकडे सारखंच चुकीचं दिसत असेल तर दोष सेन्सर किंवा वायरिंगमध्ये. दोन्ही बरोबर आणि फक्त रेंज वेडीवाकडी, तर वरचा भाग पुन्हा वाचा.

स्कॅनरवर बिघाडाचे कोड आले असतील तर पी०४६० म्हणजे लेव्हल सर्किटमध्ये गडबड, पी०४६१ म्हणजे रीडिंग पटण्यासारखं नाही (गाडी चालतेय पण लेव्हल हलतच नाही, अशा वेळी हा येतो), पी०४६२ सिग्नल कमी, पी०४६३ सिग्नल जास्त, पी०४६४ अधूनमधून तुटतंय. सिग्नल कमी म्हणजे टाकी रिकामी असं नव्हे, काही गाड्यांत कमी रेझिस्टन्स म्हणजे फुल्ल असतो. कोड वाचून लगेच सेन्सर मागवू नका, कोड फक्त सर्किट सांगतो, आणि सर्किटमध्ये वायर, कपलर, अर्थिंग सगळं येतं.

मीटरची परीक्षा बऱ्याच गाड्यांत फुकटात होते, ट्रिपचं बटण दाबून धरून चावी ऑन केली की सगळे काटे एकदा खालून वरपर्यंत फिरतात. फ्युएलचा काटा अडकत अडकत फिरला किंवा वर पोचलाच नाही तर त्याची छोटी मोटर गेलेली. पद्धत गाडीगणिक वेगळी असते, मॅन्युअलमध्ये बघा. टेम्परेचर आणि फ्युएल दोन्ही काटे एकदम वेडे झाले असतील तर टाकीचा विषयच सोडा, मीटरची सप्लाय किंवा अर्थ बघा. जुन्या गाड्यांत या दोघांना मिळून एक छोटा व्होल्टेज रेग्युलेटर असायचा, तो गेला की दोघेही एकत्र चुकायचे.

अर्थिंग, अर्थिंग आणि अर्थिंग

पिकअपमध्ये मागची वायरिंग चॅसिसवरून जाते, चिखल, पाणी, खडी सगळं तिच्यावर उडतं आणि टाकीच्या वरच्या कपलरवर (वायरी जोडायच्या प्लगवर) तर मातीचा थरच बसलेला असतो. इथे हिरवट-पांढरा गंज धरला की रेझिस्टन्स वाढतो आणि काटा चुकतो, सेन्सर अगदी नवा असला तरी. लक्षणं ओळखीची आहेत. ब्रेक दाबला किंवा इंडिकेटर लावला की काटा त्याच तालात थरथरतो, पावसात किंवा गाडी धुतल्यावर चुकतो आणि वाळल्यावर बरा होतो, खड्ड्यात आदळली की एकदम शून्य आणि परत वर. अशी लक्षणं असतील तर टाकी काढायच्या आधी कपलर काढा, कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, पिना सैल नाहीत ना बघा, चॅसिसला जिथे अर्थ वायर बोल्टने लावलीय तो बोल्ट खोलून खालचा रंग-गंज घासून पुन्हा आवळा.

मल्टिमीटर असेल तर इंजिन चालू ठेवून काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल वायर सेन्सरच्या अर्थ पिनला (कपलर लावलेला असताना, मागून पिन टोचून) लावा आणि व्होल्ट बघा. जवळजवळ शून्य पाहिजे. ०.१ व्होल्टच्या वर दिसत असेल तर अर्थ संशयास्पद. टाकीतला पंप आणि सेन्सर एकाच अर्थवर असतील तर पंप चालू झाल्याबरोबर हा आकडा वाढलेला दिसतो, आणि इंजिन चालू करताच काटा बदलणं याचं कारणही हेच.

सेन्सरचा रेझिस्टन्स मोजायचा तर चावी बंद आणि कपलर काढलेला, नाहीतर मल्टिमीटरचं रीडिंग निरर्थक येतं. आता किती यायला पाहिजे हे गाडीवर आहे. जुन्या जीएमच्या गाड्यांत रिकामी ० आणि फुल्ल ९० ओहम, नंतरच्यांत ४० ते २५०, जुन्या फोर्डमध्ये उलटं म्हणजे रिकामी ७३ आणि फुल्ल १०, नंतरच्या फोर्डमध्ये १६ ते १५८, व्हीडीओ कंपनीच्या गेजला १० ते १८०, आणि बाजारात मिळणाऱ्या युनिव्हर्सल सेन्सरला रिकामी २४० आणि फुल्ल ३३. हे मुद्दाम लिहिलं कारण बाहेरचा स्वस्त सेन्सर किंवा बाहेरचं गेज लावल्यावर काटा उलटाच चालतो किंवा अर्ध्याच्या वर जातच नाही, त्याचं कारण ही जोडी न जुळणं हेच असतं.

जुन्या साध्या गाडीत सेन्सरची वायर काढून अर्थला टेकवून काटा एका टोकाला जातो का बघायची पद्धत आहे. नव्या गाडीत हे करू नका. तिथे ५ व्होल्टची लाइन कॉम्प्युटरकडून येते, चुकीची पिन टेकली तर काट्याचं राहिलं बाजूला, कंट्रोल युनिटच जायचं.

टाकी उघडायचीच वेळ आली तर

पेट्रोल गाडी असेल आणि कधी केलं नसेल तर हे काम मेकॅनिकला द्या, खरंच सांगतो. वाफ दिसत नाही आणि ठिणगी विचारून येत नाही. करणारच असाल तर टाकी पावाच्या खाली आणा, मोकळ्या हवेत करा, फ्युएल प्रेशर सोडून बॅटरीचं निगेटिव्ह काढा, जवळपास पिवळा काचेचा बल्ब किंवा ग्राइंडर नको, अग्निशामक हाताशी ठेवा.

पिकअपचा एक फायदा इथे आहे. टाकी खालून उतरवण्यापेक्षा अनेक गाड्यांत हौदाच उचलणं किंवा एका बाजूने वर करणं सोपं जातं. बॉडीचे सहा-आठ बोल्ट, फिलर नेकचे स्क्रू, मागच्या लाइटचा कपलर आणि अर्थची पट्टी सोडली की चार माणसांत हौदा उचलला जातो. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. टाकीच्या वरची सगळी माती कॉम्प्रेसरने उडवा, मगच लॉक रिंग फिरवा, ती फिरवायला पितळी किंवा लाकडी दांडा घ्या, लोखंडी छिन्नी नाही. युनिट कुठल्या दिशेने बसलं होतं त्याची खूण करा, आणि सील नवीनच टाका, जुनं फुगलेलं सील परत बसत नाही.

युनिट बाहेर आलं की ते उभं धरा, मल्टिमीटर लावा आणि फ्लोटचा दांडा खालून वर अगदी हळू न्या. आकडा सलग बदलत गेला पाहिजे, ४२, ५१, ६०, ७० असा. मध्येच उडी मारून ओपन दाखवलं आणि पुढे परत नीट झालं तर ती पट्टीवरची मेलेली जागा. काळी पट्टी उजेडात तिरकी धरून बघा, बोटं जिथे रोज घासतात तिथे चकचकीत चरे पडलेले दिसतात, आणि टाकी कायम अर्ध्याच्या वर ठेवणाऱ्याच्या पट्टीवर ते वरच्या अर्ध्यातच असतात. म्हणूनच काटा नेहमी एका ठरावीक जागीच मरतो, बाकी ठीक असतो.

फ्लोट कानाशी हलवून बघा. आत तेल गेलं असेल तर खळखळतं, आणि असा फ्लोट बुडत चालल्यामुळे टाकीत तेल असूनही काटा खालीच राहतो. हा फ्लोट बदलायचाच, जोडाजोडी नको. दांडा वाकलाय का ते नव्या युनिटच्या फोटोशी ताडून बघा. काटा कायम ठरावीक तेवढाच चुकत असेल तर काही लोक दांडा वाकवून जुळवतात, जुन्या तारेच्या युनिटमध्ये ते चालून जातं, नव्या युनिटमध्ये मी सुचवणार नाही, कारण एका टोकाला जुळवलं की दुसऱ्या टोकाला बिघडतं.

पट्टी काळवंडलेली असेल पण चरे नसतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसून बघा, पॉलिश पेपर अजिबात नाही. तेलातल्या सल्फरमुळे हे चांदीचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा-लुईझियाना भागात जास्त सल्फरचं पेट्रोल विकलं गेलं तेव्हा असंख्य गाड्यांचे फ्युएल गेज याच कारणाने बंद पडले होते. टाकीत ओतायचं क्लीनर पेट्रोल गाडीत अशा वेळी कधीकधी उपयोगी पडतं, पण झिजलेली पट्टी कुठल्याही बाटलीने भरून येत नाही.

टाकी उघडलीच आहे तर तिचा तळही बघून घ्या. दगडावर आपटून तळ आत गेला असेल तर फ्लोट आधीच टेकतो आणि काटा पाव टाकीच्या खाली उतरतच नाही, आणि टाकी आपटल्यावर हेच सगळ्यात फसवं. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा जोरात आवाज येत असेल तर व्हेंट (टाकीत हवा जायची वाट) तुंबलाय, टाकी आतल्या बाजूला ओढली जाते.

मोठी टाकी किंवा दुसरी टाकी लावली असेल तर

समजा कंपनीची टाकी ८० लिटरची आणि तुम्ही १३० ची बसवली. सेन्सर अर्धं सांगतो, कॉम्प्युटर समजतो ४० लिटर, प्रत्यक्षात आहेत ६५. रेंज कायम कमी दाखवणार आणि एक दिवस तुम्ही ती मनावर घेणं सोडून देणार. काही गाड्यांत टाकीची क्षमता कोडिंगने बदलता येते, काहींना मध्ये लावायचं कॅलिब्रेशन मॉड्यूल मिळतं. दोन टाक्या आणि ट्रान्स्फर पंप असेल तर काटा बहुधा मुख्य टाकीचाच असतो, पंप चालू केल्यावर गाडी चालत असतानाही काटा वर चढतो, ते बघून घाबरू नका, आणि तो चढला नाही तर मात्र पंप किंवा मधला फिल्टर बघा.

स्वतःचा तक्ता

काही बदलायचं नसेल किंवा बदलूनही काटा सरळ चालत नसेल तर हा उपाय सगळ्यात कामाचा. टाकी बरीच खाली असताना, पंपावर गर्दी नसेल अशा वेळी जा, १० लिटर भरा, नोझल काढा, चावी ऑन करून मिनिटभर थांबा आणि काटा कुठे आला ते लिहा, चावी बंद करून पुढचे १०. फुल्ल होईपर्यंत असं करा. काट्याच्या कुठल्या रेघेला किती लिटर ते कळतं, आणि बहुतेकांना तेव्हाच समजतं की त्यांच्या गाडीत वरच्या अर्ध्यात लिटर जास्त आहेत आणि खालच्या अर्ध्यात कमी. हा तक्ता सनशेडच्या मागे चिकटवून ठेवा, दुसरं कोणी गाडी चालवत असेल तर त्यालाही उपयोगी पडतो.

रिझर्व्हसाठी टाकी कोरडी होईपर्यंत चालवून बघायचा प्रयोग करू नका. पेट्रोल गाडीत टाकीतला पंप तेलानेच थंड राहतो, डिझेल गाडीत हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं, कोरडा चालला की झिजतो, शिवाय लाइनमध्ये हवा शिरली की हॅन्ड पंपाने प्रायमिंग करत रस्त्यात उभं राहावं लागतं. त्यापेक्षा दिवा लागला की जवळच्या पंपावर पहिल्या कटपर्यंत भरा आणि किती गेले ते बघा. टाकी ८० ची आणि गेले ६९, म्हणजे दिवा लागला तेव्हा साधारण ११ लिटर होते. त्यातले दोन-तीन लिटर चढावर किंवा वळणावर पंपाला मिळतीलच असं नाही, ते सोडा. उरले ८, भरलेल्या गाडीचं वाईट ॲव्हरेज ७ असेल तर ५६ किलोमीटर, तक्त्याच्या खालच्या ओळीत हाच आकडा लिहा.